हात शिवशिवतात तेव्हा

कोंबडीचं पिल्लू अंडं फोडायला लागलं की बघणाऱ्याचे हात शिवशिवायला लागतात. कवचावर बारीकशी चीर दिसते, एक कपचा उडतो, आतून चोचीचं टोक हलतं, आणि त्यानंतर काहीच होत नाही. तास जातो, चार तास जातात. पिल्लू अधूनमधून चिवचिवतं, मध्येच गप्प होतं. आपल्याला वाटतं, दमलं बिचारं. नखानं एवढासा कपचा काढून दिला तर काय बिघडणार आहे?

पुष्कळ बिघडतं. पहिलं भोक पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला १२ ते २४ तास सहज लागतात, आणि त्यातला बराचसा वेळ ते कवचाशी झगडत नसतंच. कवचाच्या आतल्या पातळ पडद्यात रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात, त्यांतलं रक्त पिल्लाच्या अंगात परतायचं असतं. उरलेला बलक बेंबीवाटे पोटात ओढून घ्यायचा असतो. फुप्फुसांना हवेची सवय व्हायची असते. हे सगळं उरकलं की पिल्लू आपणहून कामाला लागतं. चोचीच्या टोकावरच्या इवल्याशा टणक काट्यानं टोकरत ते आतल्या आत गोल फिरतं आणि टोपी उडवावी तसं कवचाचं रुंद टोक ढकलून देतं. त्याआधीच आपण कवच सोललं तर पडद्यातून रक्त येतं, कधी बलकाची पिशवी बाहेरच राहते, आणि असं पिल्लू बहुधा जगत नाही.

इथवर आलं की कुणीतरी हमखास म्हणतं, बघा, संघर्षाशिवाय बळ येत नाही! कुणीतरी दयेनं कोश कापून दिला आणि फुलपाखराला कधी उडताच आलं नाही, ही गोष्ट याच अर्थानं फिरत असते. मला ती कधीच फारशी पटली नाही. पिल्लू झगडून बळकट व्हावं म्हणून आपण थांबत नाही. त्याचं आतलं काम अजून बाकी आहे म्हणून थांबतो. दोन्हींत फरक आहे. पहिल्या कारणानं माणूस दुसऱ्याच्या हालअपेष्टांकडे बघत शांतपणे बसू शकतो, वर आपण त्याला घडवतोय असं समाधानही मिळतं. दुसऱ्या कारणानं थांबणाऱ्याला लक्ष ठेवावं लागतं, कारण काम खरंच अडलं तर उठायचंही असतं.

आणि ते अडतं. पडदा सुकून पिल्लाच्या अंगाला घट्ट चिकटला तर त्याला आत फिरताच येत नाही. गंमत अशी, की पडदा सुकण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे काळजी. कोंबडीची अंडी उबायला २१ दिवस लागतात. यंत्रात उबवायची तर अठराव्या दिवशी ती फिरवणं थांबवून आतला ओलावा वाढवतात आणि झाकण लावून टाकतात. मग पिल्लं टोकरायला लागली की प्रेमळ माणसं दर थोड्या वेळानं झाकण उचलून ‘झालं का रे?’ म्हणून डोकावतात, आणि प्रत्येक वेळी थोडा ओलावा बाहेर निघून जातो. अशा चिकटलेल्या पिल्लाला मदत करायची तीही कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यानं: पडदा ओला करायचा, किंचित सैल करायचा, रक्तवाहिनी लाल दिसली की हात मागे घ्यायचा आणि पुन्हा वाट बघायची.

अंडी उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीला हे कुणी शिकवत नाही. दिवसातून एखाद्या वेळी ती उठते, घाईघाईनं चार दाणे टिपते, पाणी पिते, अंग झटकते आणि परत येऊन बसते. अंडी चोचीनं फिरवत राहते. शेवटच्या दिवसांत कवचाच्या आतून पिल्लांचा आवाज यायला लागतो तेव्हा तीही घशातल्या घशात उत्तर देते. पण बाहेरून चोच मारून अंडं उघडून देत नाही. ती निर्विकार असते म्हणून नव्हे. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात पिल्लांच्या अंगावर हवेचे हलके झोत सोडले आणि आईचं निरीक्षण केलं. कोंबड्यांच्या हृदयाचे ठोके वाढले, पिसं साफ करणं कमी झालं, माना ताठ झाल्या. हवेचा झोत पिल्लांवर होता, आईवर नव्हता.

आई नसलेल्या पिल्लांना ऊब द्यायची तर खोक्यात दिवा लावतात. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३५ अंशांच्या आसपास तापमान, मग दर आठवड्याला साधारण तीन-तीन अंश कमी. हे आकडे पाठ असलेला माणूसही चुकतो, कारण तो दिवा बरोबर मध्यभागी टांगतो. जाणते लोक तो एका कडेला लावतात आणि दुसरी कड थंड राहू देतात. मग तापमापकापेक्षा पिल्लंच बरोबर सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढून कर्कश ओरडत असतील तर गारठलीत. लांबच्या भिंतीला चिकटून चोची उघडून धापा टाकत असतील तर उकडतंय. सगळीकडे पांगून कुणी खातंय, कुणी मान टाकून झोपलंय, असं असेल तर बरं चाललंय.

कडेचा दिवा कळला तेव्हापासून मी मदत करणाऱ्या माणसांकडेही त्या नजरेनं बघायला लागलो आहे. मध्यभागी दिवा टांगणारे पुष्कळ भेटतात. नोकरीसाठी शब्द टाकतील आणि मग रोज संध्याकाळी फोन करून साहेब काय म्हणाले ते विचारतील. आजारी माणसासाठी डबा आणतील आणि तो संपेपर्यंत समोर बसून राहतील. मनानं वाईट कुणीच नसतं. ऊब खरीच असते. फक्त तिच्यापासून दोन पावलं लांब सरकायला जागा नसते. उलट काही माणसं ‘लागलं तर सांग’ म्हणतात आणि खरोखर आपल्या कामाला निघून जातात. त्यांच्याकडे जाणं सोपं जातं, कारण त्यांच्यापासून परत येणंही सोपं असतं.

मात्र ‘निसर्ग बघून घेईल’ हा मंत्र सरसकट म्हणणाऱ्यानं एकदा पिल्लाची पाठची बाजू बघावी. पहिल्या काही दिवसांत विष्ठा सुकून तिथंच चिकटते आणि गुदद्वार बंद होतं. वेळेवर लक्ष गेलं नाही तर पिल्लू मरतं. इथे वाट बघायची नसते. कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं ते हळूहळू मऊ करून पुसून काढायचं. कोरडंच ओढलं तर नाजूक कातडी सोलून निघते. पिल्लू हा सगळा वेळ जीव चालल्यासारखं ओरडतं आणि सोडल्यावर मागे वळूनही बघत नाही. दुसऱ्या दिवशी बहुधा पुन्हा तेच करावं लागतं. फाकलेल्या पायांचंही असंच. गुळगुळीत जमिनीवर पिल्लाचे पाय दोन्हीकडे घसरत जातात. पहिल्या एक-दोन दिवसांत दोन्ही पायांना मऊ पट्टी बांधून ते नीट अंतरावर आणले तर बहुतेकदा थोड्या दिवसांत सरळ होतात. उशीर केला तर कठीण. माझं निरीक्षण असं, की जिथे आपला हात नको असतो त्या प्रसंगाचा फोटो फार सुंदर येतो, आणि जिथे हवाच असतो तिथला कुणी काढत नाही.

मोठ्या कोंबड्यांतली मदत आणखी अवघड, कारण तिथे राजकारण असतं. कोण कुणाला टोचणार याची कळपात उतरंड असते. थोर्लाइफ श्येल्डरूप-एब्बे हा नॉर्वेजियन अभ्यासक लहानपणापासून कोंबड्या न्याहाळत असे; गेल्या शतकाच्या विशीत त्यानं ही उतरंड पहिल्यांदा नीट मांडली. एखादीला जखम झाली, रक्त दिसलं, की बाकीच्या तिथेच चोची मारत सुटतात. तिला ताबडतोब वेगळं काढावंच लागतं. पण लांब नेऊन, निवांत ठेवून, पूर्ण बरी करून परत सोडली तर तिची जागा गेलेली असते. ओळखीच्याच कोंबड्या तिला परकी समजून पुन्हा फाडायला धावतात. म्हणून मधे जाळी लावून तिला कळपाच्या नजरेसमोरच ठेवतात. ती त्यांना दिसते, त्या तिला दिसतात, चोच तेवढी पोचत नाही. परत सोडतानाही शक्यतो एकटीला सोडत नाहीत. एखादी गरीब स्वभावाची सोबतीण बरोबर देतात आणि रात्री अंधारात दोघींना दांडीवर बसवून टाकतात.

तरी चार दिवस टोचाटोची होतेच. तेव्हा दांडग्या कोंबडीला हुसकावत बसण्यात अर्थ नसतो. पाठ वळली की ती पुन्हा हजर. त्यापेक्षा दाण्याचं आणखी एक भांडं ठेवावं, तेही पहिल्या भांड्यापासून दिसणार नाही अशा आडोशाला. दांडगी थोडा वेळ दोन्हीकडे धावाधाव करते, मग तिलाही भूक लागते आणि ती एका ठिकाणी उभी राहून मुकाट्यानं खायला लागते.