नवेगावची सहल

डिसेंबर उजाडला की आमच्या मंडळात वाद ठरलेला. पोरांना वाघासाठी ताडोबा हवा असायचा आणि वडीलधारी मंडळी गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधवर, तिथल्या तलावावर आणि राष्ट्रीय उद्यानावर अडून बसायची. दरवर्षी सरशी वडीलधाऱ्यांचीच व्हायची. तेव्हा आम्ही फुरंगटायचो. आज वाटतं, जंगल पाहायला जाऊन माणसाने केलेलं एवढं देखणं काम आमच्या नजरेला पडलं, ते त्यांच्या हट्टामुळेच.

नागपूरहून बस अंधारातच निघायची. कानटोपी, शाल, कुणाच्या मांडीवर संत्र्यांची पिशवी, कुणाच्या डब्यात पुडाची वडी. मौद्यापर्यंत अर्धी बस पेंगलेली असे. भंडाऱ्याजवळ वैनगंगेचा पूल आला की सगळे काचा पुसून धुक्यातलं पात्र शोधायचे. पुढे कुठेतरी तर्री-पोह्यांसाठी थांबा. साकोलीनंतर मुलुखच बदलायचा. कापणी झालेल्या बांध्यांमध्ये धानाचे पुंजणे आणि जरा जरा अंतरावर एकेक तलाव. कोहमाऱ्याला उजवीकडे वळलं की पोरांची चुळबुळ सुरू.

आमच्यातले एक काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उद्यानाच्या फाटकाकडे जाण्याआधी ते आम्हाला तलावाच्या पाळीवर नेत. "वाघ दिसंल तवा दिसंल, आधी हे पाहून घ्या," म्हणत. समोर डोंगरांनी वेढलेलं पाणी. त्या डोंगरांना तिथले लोक सात बहिणी म्हणतात. हे सरोवर माणसाने बांधलंय, हे पाळीवर उभं राहूनही पटत नसे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधली वाट मातीने बांधून पाणी अडवलं. धान आणि ऊस पिकवणारा कोहळी समाज तलाव बांधण्यात वाकबगार. भंडारा-गोंदियातले कितीतरी तलाव त्यांच्याच हातचे. पाणी कुठून येईल, सांडवा कुठे ठेवायचा, पाट कोणत्या उताराने शेतात न्यायचा, हे सगळं त्यांनी यंत्राविना, नजरेने जोखलं. सांगताना काकांचा आवाज भरून यायचा. लोकांनी कोलू पाटलांना कोलासुर म्हणून देवपण दिलं, त्यात मला काहीच नवल वाटत नाही.

हिवाळ्यात त्या पाण्यावर पाहुण्यांची गर्दी. तलवार बदकं, चक्रवाक, वारकरी पक्ष्यांचे काळे थवे, आणि त्यांच्यामधून वाट काढणारा एखाद्या ढीवराचा, म्हणजे मासेमाराचा, डोंगा. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले आणि इथल्या माणसांकडून जंगल शिकले. मंडळातल्या एका काकूंना त्यांची पुस्तकं जवळजवळ पाठ होती. पक्ष्याचं नाव अडलं की सगळे काकूंकडे बघायचे.

उद्यान १९७५ सालचं. आतल्या फेरीत चितळ, कधी गवा, एखाद्या वर्षी अस्वलाचे ताजे ठसे. दुपारी जंगलाबाहेर, ओळखीच्या शेतात जेवण: भरीत, भाकरी, ठेचा, उकडलेल्या पोपटीच्या शेंगा. एरवी मंडळात वर्गणीवरून तोंडं फिरवलेली माणसं तिथे एकमेकांना आग्रहाने वाढायची.

२०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला आणि २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून दोन वाघिणी आणून नागझिरा अभयारण्यात सोडल्या. जंगल पुन्हा भरावं म्हणून चाललेली ही धडपड पाहून मन हरखतं. आता पोरांना नवेगावसाठी फार समजवावं लागत नाही, वाघाची आशा आहेच. पण बस आधी पाळीपाशीच थांबते. काका थकलेत, येऊ शकत नाहीत. कोलू पाटलांची हकिगत आता काकांची नात सांगते, आणि पाटांचा उतार समजावताना ती हुबेहूब त्यांच्यासारखाच हात फिरवते.