एकच नोंदवही, तीन आक्षेप

संशोधन-अनुदानाच्या निवड समितीत टिपणं घेण्याचं काम एरवी कंटाळवाणं. त्या दिवशी मात्र एकाच प्रस्तावावर अख्खी सकाळ गेली. जुन्या मृत्यूनोंदवह्यांवरून एका साथीत किती माणसं दगावली हे काढायचं, असा तो प्रस्ताव. समोर एक साथरोगतज्ज्ञ, एक समाजशास्त्रज्ञ आणि एक इतिहासकार.

साथरोगतज्ज्ञांना रीत मान्य होती. आधीच्या पाच वर्षांतल्या मृत्यूंची सरासरी काढा, साथीच्या वर्षातल्या मृत्यूंमधून ती वजा करा. उरतात ते जादा मृत्यू. तक्रार एवढीच, की आकड्यासोबत त्रुटीची मर्यादा दिलेली नव्हती. नोंदीतल्या चुकांची त्यांना फारशी काळजी नव्हती. चुका दोन्हीकडे होतात, नोंदी वाढल्या की एकमेकींना खोडतात.

समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथेच अडवलं. अशी यादृच्छिक त्रुटी नमुना चौपट केला की निम्मी होते, हे खरं. पण कोणाची नोंद राहून जाते, हे चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. तान्ही मुलं सुटतात, परगावचे मजूर सुटतात. शिवाय साथ ऐन भरात असताना नोंदणारा कारकूनच आजारी पडलेला किंवा पळालेला असू शकतो. म्हणजे मृत्यू सर्वाधिक, तेव्हाच नोंद सर्वांत विरळ. लाखभर नोंदी गोळा केल्या तरी हा कल हटत नाही. फक्त चुकीचा आकडा जास्त नेमका दिसू लागतो.

इतिहासकारांना आकड्याशी कर्तव्यच नव्हतं. त्यांचा सगळा रोख ‘मृत्यूचं कारण’ या रकान्यावर. कारण सांगणार नातेवाईक, लिहिणार कारकून. साथीची बातमी पसरली की साधा तापही साथीत जमा होतो. घरच्यांना वेगळं ठेवतील या भीतीने साथीचा मृत्यूही ताप म्हणून लिहवला जातो. एकाच मृत्यूची दोन वह्यांत दोन कारणं सापडली तर? साथरोगतज्ज्ञ त्यातली विश्वासार्ह ती निवडणार, समाजशास्त्रज्ञ अशा विसंगती किती हे मोजणार. इतिहासकार म्हणाले, “तुम्ही जी चूक म्हणून गाळाल, तेच माझं साधन.”

प्रस्तावांना गुण द्यायच्या समितीच्या गुणपत्रिकेने घोळ वाढवला. प्रकाशनांना गुण नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवर, आणि तो सहसा मागच्या दोनच वर्षांतल्या लेखांना मिळालेल्या उल्लेखांवरून काढतात. इतिहासात लेख रुजायलाच त्याहून जास्त काळ लागतो, आणि खरं काम बरेचदा पुस्तकात असतं. पुराव्याचा उंबरठाही शाखेगणिक वेगळा. कणभौतिकीत नवा शोध जाहीर करायला पाच सिग्मा लागतात, म्हणजे निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता सुमारे 35 लाखांत एक; मानसशास्त्रात वर्षानुवर्षं 20 मध्ये एक चालत आलं. इतिहासाला असला उंबरठाच नाही. एकच पत्रिका तिघांना लावणं हा कारभाराच्या सोयीचा मामला, न्यायाचा नव्हे.

अखेर अनुदान अटींसह मंजूर झालं. मूळ नोंद जशीच्या तशी एका रकान्यात, आजचं वर्गीकरण शेजारच्या रकान्यात. 200 नोंदी दोघांनी एकमेकांना न विचारता वर्गीकृत करायच्या आणि त्यांच्यातली सहमती कोहेनच्या कापाने, म्हणजे योगायोगाने जुळणारी उत्तरं वगळून सहमती सांगणाऱ्या मापाने (पूर्ण सहमती म्हणजे 1), मोजायची; 0.8 च्या खाली आली तर नियम पुन्हा लिहायचे.

इतिहासकारांनी त्यावरही हात वर केला. कापा फार तर एवढं सांगेल, की आजची दोन माणसं एकमेकांशी सहमत आहेत. त्या कारकुनाला काय म्हणायचं होतं ते नाही. ते वाक्य तसंच मंजुरीपत्रात घातलं, आणि तिसरा रकाना वाढला: नोंद कोणाच्या हातची.