पश्चिमेची खिडकी आणि काचेचा हिशोब

कोकणात समुद्र पश्चिमेला. घर बांधणाऱ्या प्रत्येकाला तो घरातून दिसायला हवा असतो, म्हणून सगळ्यांत मोठी खिडकी पश्चिमेच्या भिंतीत येते. मग फेब्रुवारी सरला की मृग लागेपर्यंत, आणि पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात पुन्हा, दुपारी तीनपासून सूर्य बुडेपर्यंत ऊन थेट पलंगावर. खोली तापली की माणूस काचवाल्याकडे जातो आणि ‘गरम न होणारी काच’ मागतो. तिथे बहुतेक वेळा दोन गोष्टी पुढे येतात: काळपट टिंटेड काच, नाहीतर ‘डबल ग्लास’. दोन्हींवर पैसे घालण्याआधी एका खिडकीचा हिशोब मांडून बघा.

पाच बाय चार फुटांची खिडकी म्हणजे २० चौरस फूट, साधारण १.८६ चौरस मीटर. एप्रिलात दुपारी चार-साडेचारला पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला ६०० वॅटच्या आसपास ऊन पडतं असं धरू. म्हणजे खिडकीवर सुमारे १,१०० वॅट. साधी ६ मिमी पांढरी (म्हणजे रंग नसलेली, पारदर्शक) काच त्यातलं ८२ टक्के आत सोडते, म्हणजे ९०० वॅटच्या वर. आता दुसरी बाजू बघा. बाहेरची हवा ३४ अंश आणि एसी लावलेली खोली २६ अंश असेल, तर निव्वळ हवेच्या फरकामुळे त्याच काचेतून आत येणारी उष्णता जेमतेम ८५ वॅट. उन्हाची उष्णता हवेच्या उष्णतेच्या दसपट!

या दसपटीवरच सगळा निर्णय फिरतो. साधी डबल ग्लास (डबल ग्लेझिंग), म्हणजे दोन पांढऱ्या काचा आणि मध्ये १२ मिमी पोकळी, ८५ वॅटचे ४२ करते. उन्हाचं मात्र फारसं काही बिघडवत नाही. दोन पांढऱ्या काचांतूनही ७० टक्के ऊन आत येतंच, म्हणजे ७८० वॅट. नागपूरला मे महिन्यात बाहेर ४४ अंश असतात, तिथे पोकळीला किंमत आहे. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्यामुळे पारा बहुतेक दिवस ३३-३४च्या आसपासच राहतो. म्हणून कोकणात पैसे मोजायचे ते कोटिंगसाठी, म्हणजे काचेवरच्या ऊन अडवणाऱ्या लेपासाठी. पोकळीचा विचार त्यानंतर.

काच घेताना तीन आकडे मागा. एसएचजीसी म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हापैकी किती भाग उष्णता होऊन आत येतो. ०.८२ म्हणजे ८२ टक्के. व्हीएलटी म्हणजे दिसणारा उजेड किती टक्के आत येतो. यू-व्हॅल्यू म्हणजे आतल्या-बाहेरच्या हवेत एक अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून जाणारी उष्णता, एकेरी काचेला ५.७ वॅटच्या आसपास. हे आकडे सेंट-गोबेन, एआयएस, गार्डियन अशा कंपन्यांच्या तक्त्यांत प्रत्येक काचेच्या नावापुढे छापलेले असतात. दुकानदाराने तक्ता दाखवला नाही आणि ‘ही एकदम थंड काच आहे’ एवढंच सांगितलं, तर ती काच घेऊ नका.

त्यातल्या दोन आकड्यांचा भागाकार फार कामाचा: उजेड भागिले उष्णता. उन्हातली साधारण निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते. चांगली काच ती अडवते आणि उजेड येऊ देते. पांढऱ्या काचेत हा भागाकार १.०७ येतो. ब्राँझ टिंटेड काच ५० टक्के उजेड आणि ६० टक्के उष्णता सोडते, म्हणजे ०.८३. पांढरीपेक्षाही वाईट! काळोख जास्त, थंडावा कमी. हिरवी टिंटेड ७५ टक्के उजेड आणि ६० टक्के उष्णता सोडते, भागाकार १.२५, त्यामुळे टिंटेडमध्येच घ्यायची असेल तर हिरवी घ्या. चांदीच्या दोन-तीन थरांची लो-ई (उष्णता परतवणारा लेप दिलेली) काच डबल ग्लेझिंगमध्ये ५० टक्के उजेडाला २७ टक्के उष्णता सोडते, भागाकार १.८च्या पुढे.

उजेडाबद्दल मी हट्टी आहे, आणि त्याला कारण आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आभाळ भरलेलंच असतं. एप्रिलच्या उन्हाच्या धास्तीने १५-२० टक्के उजेडाची काळी काच लावली, तर आषाढात भर दुपारी दिवे लावून बसावं लागतं. घरांसाठीच्या केंद्र सरकारच्या ऊर्जा-बचत नियमावलीत, इको-निवास संहितेत (२०१८), भिंतीच्या ३० टक्क्यांपर्यंत खिडक्या असतील तर काचेचा व्हीएलटी किमान २७ टक्के हवा असं म्हटलं आहे. कोकणासाठी माझ्या मते ४०च्या खाली उतरूच नये.

आता कोटिंग. हार्ड कोट काच बनतानाच गरम पृष्ठभागावर बसवलेलं असतं. ते टिकाऊ असतं आणि एकेरी काचेलाही चालतं, फक्त लेपाची बाजू घराच्या आत ठेवायची. सॉफ्ट कोट म्हणजे चांदीचे पातळ थर. ते जास्त गुणकारी, पण हवा लागली की काळे पडतात, आणि खाऱ्या हवेत तर लवकरच. म्हणून सॉफ्ट कोट नेहमी बंद डबल ग्लेझिंगच्या आतच. एकेरी शटरला कुणी सॉफ्ट कोट लावून देत असेल तर सरळ नाही म्हणा.

वरच्या खिडकीला ०.४० एसएचजीसीची एकेरी हार्ड कोट काच लावली, तर ऊन आणि हवा मिळून ५३० वॅट आत येतात. साध्या पांढऱ्या डबल ग्लासमधून ८२० येत होते! एकच काच, वजन निम्मं, सील फुटायची भीती नाही, आणि फायदा जास्त. लो-ई डबल ग्लेझिंग हा आकडा सव्वातीनशेवर आणतं. ते सर्वांत चांगलं यात वाद नाही. पण समुद्रापासून हाकेच्या अंतरावर ते बसवताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट सीलची. दोन काचांच्या मधल्या पट्टीत ओल शोषणारे दाणे असतात, कडेला ब्युटाइलचा आतला सील आणि त्याबाहेर सिलिकॉन किंवा पॉलिसल्फाइडचा दुसरा सील. चौकटीच्या तळाशी पाणी साचून राहिलं आणि काचेची खालची कड त्यात भिजत राहिली, की सील हळूहळू सुटतो आणि दाणे ओलीने भरतात. मग दोन काचांच्या मध्ये धुकं धरतं. ते पुसता येत नाही, अख्खी काच बदलावी लागते. म्हणून खालच्या पट्टीत पाणी जायची भोकं हवीतच, आणि काच थेट पट्टीवर न टेकवता रबराच्या ठोकळ्यांवर बसवायची. दोन ठोकळे, रुंदीच्या पाव-पाव अंतरावर, ६ मिमी जाडीचे. ही भोकं सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजवलेली सर्रास दिसतात. पावसाळ्याआधी टाचणीने तपासा.

दुसरी गोष्ट घाटाची. कोल्हापूर किंवा पुण्यात सील केलेली काच साडेपाचशे मीटर उंचीवरची हवा पोटात घेऊन खाली येते. किनाऱ्यावर बाहेरचा दाब सुमारे सहा टक्के जास्त, त्यामुळे दोन्ही काचा किंचित आत दबतात आणि प्रतिबिंब वाकडं दिसतं. मोठ्या खिडकीत काच वाकून ताण घेते. अरुंद, लहान तावदानात ती वाकू शकत नाही, सगळा ताण कडेवर आणि सीलवर येतो. ऑर्डर देतानाच कारखान्याला सांगा की काच समुद्रसपाटीवर बसणार आहे. जमल्यास किनारपट्टीवर, मुंबई-ठाणे बाजूला बनलेली घ्या.

तिसरी गोष्ट लेपाच्या बाजूची. बाहेरून मोजलं तर चार पृष्ठभाग होतात, आणि ऊन अडवणारा लेप दुसऱ्यावर हवा. उलटी बसवली तर लेप तिसऱ्यावर येतो, आतली काच तापते आणि उष्णता खोलीत सुटते. तपासणी सोपी आहे. अंधार पडल्यावर बाहेर उभं राहून काडी पेटवून काचेजवळ धरा. ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतील. तुमच्या बाजूने दुसऱ्याचा रंग वेगळा असेल तर काच बरोबर बसली आहे. तिसऱ्याचा वेगळा असेल तर कारागीर निघून जायच्या आत दाखवा.

वजनही धरायला हवं. काच दर मिमीला दर चौरस मीटर अडीच किलो भरते. आपल्या खिडकीची ६-१२-६ डबल ग्लेझिंग ५५ किलोच्या पुढे जाते. जुन्या सागवानी किंवा फणसाच्या शटरच्या खाचेत ४-५ मिमी काच बसते, बिजागऱ्याही तेवढ्याच बेताच्या. अशा घरात डबल ग्लेझिंगचा नाद सोडा. एकतर ५ मिमी हार्ड कोट लावा, नाहीतर आहे त्या पांढऱ्या काचेला आतून फिल्म. फिल्म घेतानाही तेच तीन आकडे विचारा. आणि डबल ग्लेझिंगला फिल्म चिकटवू नका, आतली काच तापून तडकते.

तडकण्याची गोष्ट टिंटेड आणि कोटेड काचेलाही लागू. छज्जाची सावली वरच्या अर्ध्या काचेवर आणि ऊन खालच्या अर्ध्यावर असेल, तर तापलेला भाग फुगतो, गार कड फुगत नाही, आणि कडेपासून काटकोनात तडा सुरू होतो. म्हणून उन्हातली अशी काच टफन (तापवून झटकन गार करून मजबूत) करूनच घ्या. कोपऱ्यात आयएस २५५३चा (सुरक्षित काचेच्या भारतीय मानकाचा) शिक्का दिसला पाहिजे. टफन झालेली काच नंतर कापता येत नाही, तेव्हा प्लास्टर पूर्ण झाल्यावर, चौकट बसल्यावरच माप घ्या. वर, मध्ये, खाली अशी तीन मापं, त्यातलं लहान धरायचं, आणि प्रत्येक बाजूला ३ ते ५ मिमी मोकळं.

काचेआधी छज्जाचं पाहिलं पाहिजे असं कुणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. पण पश्चिमेला छज्जा तोकडा पडतो. एप्रिलच्या मध्यावर रत्नागिरीत चार वाजता सूर्य सुमारे ४० अंशांवर असतो, पाचला २६ अंशांवर. खिडकीच्या माथ्याला लागून दोन फुटांचा छज्जा चार वाजता पावणेदोन फूट सावली देतो, पाचला फक्त एक फूट. चार फुटी खिडकी पाचला पूर्ण झाकायची तर आठ फूट बाहेर यायला हवं. जुन्या घरांची पडवी साधारण तेवढीच असायची, आणि पावळी डोक्याला लागेल इतकी खाली. पडवी शक्य असेल तर आधी ती करा, काच साधी चालेल. नाहीतर बाहेरून उघडमीट होणारी लाकडी लुव्हरची पाखं, वाळ्याचा पडदा, शेडनेट, अगदी माडाचा झापसुद्धा आतल्या जाड पडद्यापेक्षा सरस. पडदा ऊन अडवतो तेव्हा ते घरात आलेलं असतं.

दक्षिणेला मात्र छज्जा पुरतो. डिसेंबरात दुपारी सूर्य ५० अंशांवर असतो, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो. उत्तरेच्या खिडकीला पांढरी काच ठेवा, उगाच पैसे घालू नका. आणि खोलीवर उघडा काँक्रीटचा स्लॅब तापत असेल, तर आधी तो झाका. नुसत्या काचेने त्या खोलीला उतार पडणार नाही.

काचेचा हा सगळा हिशोब खिडकी बंद असतानाचा. आपली हवा दमट, अंगावर वारा लागला तरच बरं वाटतं. २०१८ची इको-निवास संहिता उष्ण-दमट भागात घराच्या चटई क्षेत्रफळाच्या किमान १६.६६ टक्के उघडणारी जागा मागते. त्या हिशोबाने १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट. आपली पाच बाय चार दोन-ट्रॅक स्लायडिंग असेल तर उघडते फक्त निम्मी, दहा. बिजागरीची असेल तर जवळजवळ पूर्ण. मला स्लायडिंग आवडत नाही ती यासाठी, आणि पावसाची झड तिच्या ट्रॅकमधून आत येते म्हणूनही.

बसवताना सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचं घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन डबल ग्लेझिंगच्या सीलला आणि ॲल्युमिनियमला खातं. स्क्रू आणि बिजागऱ्या ३१६ स्टेनलेसच्या, ३०४लाही समुद्राजवळ तांबूस डाग पडतात. गिलावा किंवा छज्जाचं काम चालू असताना काच झाकून ठेवा. ओल्या सिमेंटचं पाणी काचेवर वाळलं तर पांढरे ओघळ कायमचे राहतात. पावसाळ्यात आलेल्या काचा एकमेकींना चिकटवून रचू नका, मध्ये पाणी शिरून त्या डागाळतात.

जुलैत एसी २२ वर ठेवला आणि सकाळी काच बाहेरून घामेजली, तर तो काचेचा दोष नाही. बाहेरची हवाच इतकी ओली असते. एसी २५-२६ वर आणा, आणि चौकटीच्या खालच्या लाकडावर बुरशी धरू नये म्हणून ते पुसून घ्या. धुकं दोन काचांच्या मध्ये असेल तरच वॉरंटीचा कागद काढायचा. त्या कागदावर किती वर्षं, आणि समुद्रकिनाऱ्यावरचं घर त्यात धरलंय का, हे पैसे देण्याआधीच लिहून घ्या.

पाऊस थांबला की काचेवर मिठाचा थर साचायला लागतो. नोव्हेंबरपासून पंधरा दिवसांनी एकदा आधी साध्या पाण्याने ओघळू द्या, मगच फडका लावा. कोरड्या फडक्याने पुसलं तर वाळूचे कण काच घासतात. आतल्या हार्ड कोटला ब्लेड किंवा तारेचा घासणा कधीच लावू नका.