तुम्ही विचारलंत म्हणून : मालावीतल्या मुलींच्या शाळेसाठी संस्था काढायची तर

इंग्लंडमधल्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न वरचेवर येतो : पाच-सहा घरं मिळून आफ्रिकेतल्या मालावी देशातल्या एखाद्या खेड्यातल्या मुलींच्या शिक्षणाला हातभार लावायचा आहे, सुरुवात कुठून करायची?

नोंदणीपासून नको, हिशेबापासून करा. मालावीत प्राथमिक शिक्षण 1994 पासून मोफत आहे. त्यापुढे माध्यमिकची चार वर्षं, फॉर्म 1 ते 4. सरकारी शाळेत शिकवणीची फी आता नसली तरी वसतिगृह, गणवेश, वह्या, साबण आणि सॅनिटरी पॅड यांचा खर्च उरतोच, आणि छोट्या संस्थेचा पैसा नेमका इथे उपयोगी पडतो. आता धरून चला, एका मुलीमागे वर्षाला 150 पौंड. दरवर्षी दहा नव्या मुली घ्यायचं ठरलं, तर पहिल्या वर्षी लागतात 1,500. चौथ्या वर्षी मुली चाळीस झालेल्या असतात आणि खर्च 6,000. बहुतेक संस्था इथेच अडखळतात. पहिल्या वर्षीचा उत्साह आणि दिवाळीच्या कार्यक्रमातली वर्गणी बघून शब्द दिला जातो, आणि फॉर्म 3 मधल्या मुलीला मध्येच सांगावं लागतं की पुढचं जमणार नाही. म्हणून नवी मुलगी घेण्याआधी तिच्या चारही वर्षांची रक्कम गंगाजळीत किंवा पक्क्या मासिक देणग्यांत दिसली पाहिजे. दिसत नसेल तर दहाऐवजी तीन घ्या.

नोंदणी त्या मानाने सोपी. इंग्लंड-वेल्समध्ये ‘चॅरिटेबल इन्कॉर्पोरेटेड ऑर्गनायझेशन’, म्हणजे सीआयओ, हा प्रकार छोट्या गटाला बरा : संस्थेला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व मिळतं आणि इतर प्रकारांना नोंदणीसाठी असणारी वार्षिक 5,000 पौंड उत्पन्नाची अटही लागत नाही. चॅरिटी कमिशन, म्हणजे धर्मादाय संस्थांची नोंदणी करणारं तिथलं सरकारी खातं; त्याच्या नमुना घटनेत उद्देश भरा. निदान तीन विश्वस्त घ्या, आणि तिघंही एकाच घरातले नकोत. अर्जाला फी नाही. मात्र उत्पन्न कितीही कमी असलं तरी हिशेब आणि वार्षिक विवरण आर्थिक वर्ष संपल्यापासून दहा महिन्यांत भरावंच लागतं. बँकेचं खातं उघडायला अनेकदा नोंदणीपेक्षा जास्त वेळ जातो, तेव्हा पैसे कधी पाठवणार ते आधीच कुणाला कबूल करू नका. (स्कॉटलंडची गोष्ट निराळी, तिथे नोंदणीसाठी ओएससीआर या तिथल्या धर्मादाय नियामकाकडे जावं लागतं.)

त्यानंतर एचएमआरसीकडे, म्हणजे ब्रिटनच्या करखात्याकडे, गिफ्ट एड या करसवलतीसाठी अर्ज. 10 पौंडांच्या देणगीवर अडीच पौंड सरकारकडून मिळतात, पण देणाऱ्याने तेवढा कर ब्रिटनमध्ये भरलेला हवा आणि त्याचं घोषणापत्र तुमच्याकडे हवं. पुण्याच्या मावशींनी पाठवलेले पैसे यात धरता येत नाहीत. परदेशी पाठवलेला पैसा धर्मादाय कामालाच लागला, याची वाजवी खातरजमा केल्याचे कागदही एचएमआरसी मागू शकते. कागद नसले तर त्या रकमेवर करसवलत जाते.

पैसे पाठवताना मुख्याध्यापकांच्या वैयक्तिक खात्यावर कधीच नकोत, माणूस कितीही सज्जन असो. शाळेच्या खात्यावर, किंवा तिथे आधीच नोंदलेल्या स्थानिक संस्थेमार्फत पाठवा. स्वतः तिथे काम उभारायचं म्हटलं तर मालावीच्या एनजीओ कायद्याखाली वेगळी नोंदणी आली. वर्षाची रक्कम एकदम न देता सत्रागणिक द्या, उरलेली पौंडांतच राहू द्या. नोव्हेंबर 2023 मध्ये तिथल्या रिझर्व्ह बँकेने डॉलरचा दर साधारण 1,180 क्वाचांवरून (क्वाचा हे तिथलं चलन) 1,700 वर नेला. आधीच क्वाचांत बदलून ठेवलेल्या पैशाची किंमत एका दिवसात घसरली. प्रत्येक सत्राला शाळेची पावती, बँकेची भरणा स्लिप आणि हजेरीपटाचा फोटो घ्या, आणि तिन्हींतली नावं एकमेकांशी ताडून बघा.

मुलींची निवड तुम्ही करू नका, एकट्या शिक्षकावरही सोपवू नका. शाळा व्यवस्थापन समिती, गावचा मुखिया आणि शाळेचा ‘मदर ग्रुप’ (मुली शाळेत टिकाव्यात म्हणून झटणारा गावातल्या बायकांचा गट) अशा तिघांनी, आधी लिहून ठेवलेल्या निकषांवर निवडावं आणि नावं गावसभेत वाचावीत. वाचली नाहीत की मुखियाच्या भाच्या यादीत दिसू लागतात.

लांबच्या दिवसशाळेत जाणाऱ्या मुली शाळेच्या गावात भाड्याच्या खोलीत एकट्या राहतात आणि त्यातून नको ते प्रसंग ओढवतात. त्यावर सायकल हा चांगला उपाय आहे, फक्त मालकी शाळेची ठेवा. घरची झाली की भाऊ ती ‘कबाझा’, म्हणजे भाड्याची सायकल-टॅक्सी, म्हणून चालवायला नेतो. ट्यूब, टायर, ब्रेकचे रबर आणि गावातल्या दुरुस्तीवाल्याची मजुरी अंदाजपत्रकात आधीच धरा.

वर्गखोली बांधायचा मोह आवरा. विटा पाडायला कोरडा हंगाम लागतो; नोव्हेंबरचा पाऊस न भाजलेल्या विटांचा चिखल करतो. भट्टीला सरपण म्हणून झाडं जातात ती वेगळीच. शिवाय शिक्षक नेमतं सरकार. जिल्हा शिक्षण कार्यालयाचं शिक्षक देण्याबद्दलचं पत्र हातात नसेल तर कुलूपबंद खोलीला पैसे घातल्यासारखं होतं. जुन्या पुस्तकांचा कंटेनरही नको. मालावीला समुद्र नाही, माल मोझांबिक किंवा टांझानियाच्या बंदरातून येतो, तिथे अडकला की दिवसागणिक भाडं चढतं. तिथल्या अभ्यासक्रमाची पुस्तकं मालावीतल्याच ब्लँटायर किंवा लिलाँग्वे शहरात विकत घ्या.

हाच प्रश्न महाराष्ट्रातून आला तर उत्तर वेगळं. भारतातल्या ट्रस्टने देशाबाहेर खर्च केलेल्या उत्पन्नाला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या खास मंजुरीशिवाय करमाफी मिळत नाही. अनेक जण इथे एफसीआरएचं नाव घेतात, पण तो कायदा परदेशातून भारतात येणाऱ्या देणगीचा. व्यक्ती म्हणून रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत पाठवता येतं, त्यात देणगीही बसते. देणगीवरची आयकर सवलत (जिला लोक 80जी म्हणतात) मात्र विसरा.