खुडूसच्या पुढचा विसावा

वारीत धर्मपुरीला आपला सोलापूर जिल्हा लागला, मग नातेपुते, माळशिरस कधी मागे पडलं कळलंच नाही. खुडूसच्या रिंगणात मोबाइल उंच धरलेल्यांच्या भिंतीआडून अश्वाची नुसती धूळ दिसली. ती कपाळाला लावली आणि पुढच्या क्षणी धक्का देणाऱ्या माणसावर ओरडले.

दुपारी टाचेचा फोड चालू देईना. बाभळीखाली बसले तर परभणीकडच्या एका मावशींनी पायाला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावला, "माउली" म्हणाल्या आणि पाय थेट मांडीवर घेतला. मला कसंतरीच झालं. त्यांनी काडी ओढून सुई तापवली, दोरा हळद-तेलात बुडवला.

"हिकडं बघू नको. कायतरी सांग मला."

डोळ्यांपुढे हिमाचलातलं ते फूल आलं. देवदार आणि रई या सूचिपर्णी झाडांच्या रानात, अडीच-तीन हजार मीटरवर उगवणारं ऑर्किड, सिप्रिपेडियम कॉर्डिजेरम. बहुधा दांड्याला एकच फूल. बाकी पाकळ्या हिरवट-पिवळ्या, खालची मात्र फुगून पांढराशुभ्र जोडा झालेली.

"पादुका?"

"हो मावशी, एकाच पायाची."

सुई आरपार गेली. पाणी ठिबकलं.

शेजारी दिंडीतला रोपवाटिकेवाला पोरगा ऐकत होता. "ताई, गड्डा मागवला तर कुंडीत येईल?" मी तडकलेच. याच हव्यासापायी उपटून उपटून ते दुर्मीळ झालंय. त्याचं बी बुक्क्यासारखं बारीक, आत साठवलेलं अन्न नाही. मातीतल्या बुरशीनं भरवलं तरच रुजतं आणि फुलायला पुढं कित्येक वर्षं लागतात. उपटून इकडच्या उन्हात आणलं तर मरतं. पोरगा गप्प झाला. मला अजूनही त्याचा राग आहे.

मावशी दोऱ्याची टोकं सोडत होत्या. "मध असंल की त्यात?"

"नाही. माशी जोड्यात उतरते. आल्या तोंडानं परत चढता येत नाही, मागच्या अरुंद वाटेनं निघावं लागतं. आधी अंगावरचं पराग तिथं लागतं, मग नवं चिकटतं."

"अन् तिला काय मिळतं?"

"काही नाही."

"तरी जाती?"

"जाते."

मावशी खूप हसल्या. तेवढ्यात पुढं टाळ वाजले. "ऊठ, दोरा काढू नको."

वेळापूरच्या धाव्यात मी धावले, टाचेत दोरा तसाच.