निझवा, बिरकत अल मौझ आणि उद्याचा पहिला तास

शनिवार, रात्री उशिरा. मस्कत.

पाय भरून आलेत आणि कपड्यांना अजून गुलाबाच्या भट्टीचा धूर येतोय. उद्या रविवार (इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते), पहिल्याच तासाला दहावीचा भूगोल. एकदा शाळेच्या धबडग्यात शिरले की यातलं निम्मं निसटून जाईल, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

गुरुवारी इथली आमची भारतीय शाळा सुटल्यावर आम्ही चौघं निघालो: गणिताच्या मल्याळी मॅडम, पीटीचे सर, अरबी शिकवणाऱ्या इजिप्तच्या मॅडम आणि मी. गाडी सरांची, फोर-व्हील ड्राइव्ह. जबल अख्दर या डोंगरावर जायचं तर ती लागतेच. घाटाच्या पायथ्याशी पोलिसांची चौकी आहे आणि साधी कार वर सोडत नाहीत. स्टाफरूममध्ये आमचं बोलणं म्हणजे मार्क, पोर्शन आणि रजा. गाडीतही सुरुवातीला तेच चाललं होतं. समाईलच्या डोंगरांमधून रस्ता आत शिरला, दोन्ही बाजूंना काळपट, उघडेबोडके कडे आले, तेव्हा कुठे शाळा मागे पडली.

शुक्रवारी पहाटेच निझवा शहराचा बकरी बाजार गाठला. विकणारे आपापली बकरी दोरीला धरून रिंगणात गोल गोल फिरतात आणि भाव पुकारत राहतात. घेणारे रिंगणाच्या मध्ये आणि कडेला. एका आजींनी एक बकरी थांबवली, जबडा उघडून दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, कास चाचपली आणि एक शब्द न बोलता सोडून दिली. मालकानेही वाईट वाटून घेतलं नाही, पुढे चालू लागला. जुम्म्याच्या नमाजाच्या आत सगळा बाजार उठतो. नंतर किल्ला पाहिला. इमाम सुलतान बिन सैफ याने १७व्या शतकात बांधलेला तो प्रचंड गोल बुरूज खरंच पाहण्यासारखा आहे, पण माझं मन दुपारच्या फलजकडे लागलं होतं.

फलज म्हणजे इथले पाण्याचे पाट. त्यांच्या एका प्रकारात डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणून भूजल गाठायचं, तिथून जमिनीखालून हलक्या उताराचा बोगदा काढायचा आणि पाणी आपल्या वजनाने वाहत गावापर्यंत आणायचं. पंप नाही, रहाट नाही. ओमानमध्ये सगळ्या प्रकारचे मिळून सुमारे ३,००० फलज अजून वाहतात. त्यांतल्या ५ पाटांना युनेस्कोने २००६ साली जागतिक वारसा ठरवलं. निझवाजवळचा फलज दारिस त्यांतलाच, आणि बिरकत अल मौझ या गावचा फलज अल खतमैनही. दारिसला कठड्यावर बसून पाण्यात पाय सोडले. पोरं धडाधड उड्या मारत होती. छान होतं, पण ते सहलीचं ठिकाण झालंय.

खरा फलज आज सकाळी बिरकत अल मौझच्या खजुराच्या बागांमध्ये भेटला. एक वयस्क शेतकरी दारं धरत होते. पाटाच्या तोंडाशी दगड, त्याला फडक्याचा बोळा. तो काढला की पाणी त्यांच्या वाफ्यात, लावला की पुढच्या बागेकडे. इजिप्तच्या मॅडमनी सलाम करून विचारपूस सुरू केली. त्यांनाही इथली बोली चटकन कळत नाही, दोन-दोनदा विचारावं लागत होतं, पण आजोबांना घाई नव्हती. त्यांनी हाताला धरून पाटाकाठी नेलं आणि सगळं समजावलं. पाटाचं पहिलं पाणी पिण्यासाठी, त्याच्या खाली अंघोळ आणि धुणं, सगळ्यात शेवटी बागा. बागांना पाणी मिळतं ते वेळेच्या हिशेबाने. हिस्सा मोजायचं माप म्हणजे अथर, साधारण अर्धा तास. पूर्वी दिवसा काठीच्या सावलीवरून वेळ धरायचे आणि रात्री ताऱ्यांवरून. आता आजोबांच्या मनगटावर घड्याळ आहे. हिस्सा वारशाने मिळतो, विकता येतो, भाड्याने देता येतो. सगळा कारभार गावाने नेमलेला ‘वकील’ पाहतो, म्हणजे कोर्टातला नव्हे, फलजचा कारभारी.

मला यातली सर्वात सुंदर गोष्ट वाटली ती अशी: वाटणी वेळेची आहे, घागरींची नाही. दुष्काळात धार बारीक झाली तर ती सगळ्यांसाठी त्याच प्रमाणात बारीक होते. ज्याचा अर्धा तास, त्याचा अर्धा तासच राहतो. तुटवड्यात कोणाचं कापायचं हा प्रश्नच उरत नाही. गणिताच्या मॅडम तिथेच म्हणाल्या, "दिवसाचे ४८ अथर. यावर अपूर्णांकांचा अख्खा धडा होईल!"

मग घाट चढलो. वर सैक पठार, सुमारे २,००० मीटर उंचीवर, आणि एप्रिल म्हणजे गुलाबांचा हंगाम. अल ऐन गावात डोंगरउतारावरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत पहाटे फुलं खुडतात. एका घरात भट्टी पाहिली: मातीच्या भांड्यात तळाशी पाकळ्या, मधोमध तांब्याचं छोटं भांडं आणि तोंडावर गार पाण्याने भरलेलं दुसरं भांडं. वाफ वरच्या थंड बुडाला लागते आणि थेंब थेंब तांब्याच्या भांड्यात पडते. धुराने डोळे चुरचुरले तरी पीटीचे सर हलेनात.

उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये होती आणि मी आमच्या पुस्तकातल्या जलसंपत्तीच्या धड्याचा विचार करत होते. त्यात राजस्थानचे टाके, म्हणजे पावसाचं पाणी साठवायच्या जमिनीखालच्या टाक्या आहेत, हिमालयातले कुल, म्हणजे शेताला पाणी नेणारे पाट आहेत, मेघालयातली बांबूच्या नळ्यांची सिंचनपद्धत आहे, जिच्यात १८-२० लिटर पाणी शेवटी मिनिटाला २० ते ८० थेंबांवर येतं. हा धडा मी मनापासून शिकवते. पण माझ्या वर्गातली कितीतरी मुलं मस्कतलाच जन्मली. टाक्यांची व्याख्या त्यांना तोंडपाठ आहे आणि दोन तासांवर वाहणारा पाट त्यांनी पाहिलेला नाही. हे मला आज फार लागलं. ही जमीन त्यांच्या बालपणाची आहे, तिच्यावर त्यांचाही हक्क आहे.

उद्या धडा फलजपासून सुरू करणार. फळ्यावर विहीर, बोगदा, उतार आणि बागा काढायच्या, वर्गाला शेतकरी करून अथर वाटायचे, आणि मग धार निम्मी झाली असं सांगून हिशेब करायला लावायचा. टाके आणि कुल त्यानंतर येतील. सहलीचा अर्जही उद्याच मुख्याध्यापिकांकडे देते. ऊन तापायच्या आत परवानगी मिळाली तर उत्तम, नाहीतर नोव्हेंबर. बसमधून बिरकत अल मौझपर्यंत सहज जाता येतं, घाट चढायची गरजच नाही. अरबीच्या मॅडम सोबत यायला तयार आहेत, आणि आजोबांना विचारून झालंय. ते म्हणाले, माझी पाणी घ्यायची पाळी असेल त्या दिवशी मुलांना आणा.