फाशांसाठी गिरगावातली चाळ

इथे जर्मनीत, ड्युसेलडॉर्फला, थंडीत साडेचारलाच अंधार पडतो आणि मग माणसं एकमेकांकडे बोर्ड गेम खेळायला जमतात, चांगली नोकरीवाली, नातवंडं असलेली माणसं, पिशवीतून आपापला खेळ घेऊन येतात. इथून जवळच एसेनला तर ऑक्टोबरात या खेळांचं मोठं प्रदर्शन भरतं, १९८३ पासून. आमचे चिरंजीवही त्यात अडकलेत. सध्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स चालू आहे, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन गोष्ट रचत खेळायचा खेळ, त्यात वीस बाजूंचा फासा असतो आणि तो हमखास सोफ्याखाली जातो. यावर उपाय म्हणजे डाइस टॉवर. वरून फासा टाकायचा, आत तिरक्या फळ्या असतात, त्यांच्यावर आपटत, उलटापालटा होत तो खालच्या ट्रेमध्ये येतो, म्हणजे हाताची चलाखी चालत नाही. ही काही आजची आयडिया नाही हां, बॉनच्या म्युझियममध्ये चौथ्या शतकातला रोमन टॉवर आहे, १९८५ मध्ये ड्यूरेनच्या बाजूला सापडलेला, धातूचा, जाळीदार, आणि त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की पिक्ट लोक (आताच्या स्कॉटलंडमधले, रोमनांचे शत्रू) हरले, शत्रू संपला, आता निवांत खेळा. त्याचा फोटो आईला पाठवला तर तिचा रिप्लाय, शकुनीसमोर हा ठेवायला हवा होता.

तर उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे तुमच्याकडच्या भर पावसाळ्यात, मुंबईला आलो तेव्हा ठरलं की टॉवर विकत नाही घ्यायचा, लेझर कटिंग करून घरीच बनवायचा. लेकाला किल्ला हवा होता. पण बाबा आयुष्यभर ड्राफ्ट्समन, ते म्हणाले किल्ला कशाला, आपली चाळ कर. आमची गिरगावातली चाळ आता नाहीये, रिडेव्हलपमेंटमध्ये गेली. पण कल्पना एकदम फिट बसली, मजल्यांच्या मागे तिरक्या फळ्या, समोर गॅलऱ्या, आणि फासे येऊन पडणार ते चौकात.

मला वाटलं होतं तासाभराचं काम. पण लेझरला अंदाजे काही चालत नाही ना, प्रत्येक रेघ मिलिमीटरमध्ये लागते, आणि तिथून जी चर्चा सुरू झाली... जिना डावीकडे होता की उजवीकडे, नळ कुठे, कठड्याच्या दांड्या उभ्या होत्या की फुली मारलेल्या. दादा म्हणे उभ्या. बाबा म्हणाले दुसऱ्या मजल्यावर उभ्या, तिसऱ्यावर फुली, कारण तिसऱ्यावरचा कठडा नंतर बदललेला. आईने मध्येच सांगितलं की टोकाच्या खोलीची खिडकी अर्धी बुजवलेली होती, तीही काढा. बाबांनी पट्टी-पेन्सिलने कागदावर काढलं आणि भाच्याने ते इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवलं, लाल रेघ म्हणजे कट, काळी म्हणजे नुसतं कोरायचं.

धोबी तलावच्या मागच्या एका गल्लीत लेझर कटिंगवाला मिळाला. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे गणपतीची मखरं. २०१८ ला थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून हे काम खूपच वाढलंय म्हणे. ऑपरेटरने फाइल उघडून आधी प्लायचा तुकडा बाबांच्या हातात दिला, काका, नावाला तीन एमएम आहे, मोजा. बाबांनी व्हर्नियर लावला तर पावणेतीनच्या आसपास. म्हणजे सगळ्या खाचा बदलायच्या, नाहीतर जोड ढिले. वर लेझरची रेघसुद्धा थोडं लाकूड खाते, तेही धरायचं. आणि कठड्याच्या दांड्या दोन एमएमपेक्षा बारीक नको, जळून तुटतील. फुलीवाला कठडा जाड करावा लागला, बाबांना ते काही फारसं पटलं नाही.

धुराचे डाग पडू नयेत म्हणून प्लायवर आधीच मास्किंग टेप लावतात, ती कापून झाल्यावर सोलायची असते. हे काम पोरांकडे. खोलीच्या एका खिडकीत चार गज, प्रत्येक गजावर टेपची इवलीशी चिंधी, ती सेफ्टी पिनने उचकटायची, आणि अशा खिडक्या तीन मजले. लेक पुटपुटत होता, आजोबा, लोक खिडक्या बंद ठेवायचे ना? घरभर जळक्या लाकडाचा वास. पावसाच्या दमटपणाने प्लाय किंचित फुगला होता, काही जोड पॉलिशपेपर मारल्याशिवाय बसेनात, फेव्हिकॉल तर रात्रभर वाळेना, शेवटी पंख्याखाली ठेवला. आईने मंगलदास मार्केटमधून हिरव्या वेलवेटचा तुकडा आणून चौकात चिकटवला, नाहीतर खडखडाट फार होतो. समोरची भिंत मात्र आम्ही चिकटवलीच नाही, नुसती खाचेत बसते, फासा अडकला की काढता येतो आणि बॅगेत सपाट ठेवता येते.

इकडे परत आल्यावर लेकाच्या ग्रुपने पहिल्या रात्री खेळ बाजूला ठेवून खिडक्याच बघितल्या. एकाला तर अर्धी बुजवलेली खिडकी चुकून झाली असं वाटलं, लेकाने त्याला आजीची सगळी हकिकत जर्मनमध्ये ऐकवली.

आता दादाच्या डोक्यात पुढच्या वर्षी घरच्या गणपतीला चाळीचंच मखर करायचं घोळतंय, बाबांनी जिन्याचं ड्रॉइंग सुरूसुद्धा केलंय, आणि यावेळी जाड प्लाय आहे तर तिसऱ्या मजल्याची फुली बरोब्बर हवी असं बजावलंय. मी एवढंच सांगितलं, फाइल जूनमध्ये दे, जुलैत तो माणूस फोन उचलत नाही.